लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते.

जीवन
चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह कारखाना काढला.

कार्य
कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे आरंभीचे उत्पादन. अशा यंत्राचे यश पात्यावर अवलंबून असते. पोलाद मऊ राहिल्यास धार लवकर बोथट होते, फाजील कठीण झाल्यास पाते तुटते. बोथट झालेले पाते काढून त्याला पुन्हा धार लावावी लागते. यानंतर त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. बेळगावची जागा नगरपालिकेने घेतल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आश्रय दिला. कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

सन्मान
जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.