लू गेरिग

हेन्री लुई गेरिग (१९ जून, १९०३ - २ जून, १९४१) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. १९२३ ते १९३९ या काळात ते न्यू यॉर्क यांकीज या एकाच संघाकडून खेळले. सलग २,१३० सामने खेळण्याच्या विक्रमासाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत.

बालपण

गेरिग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात जर्मनीहून आलेल्या गरीब कुटुंबात झाला. चार भावंडांपैकी तेच एकटे जगले. त्यांच्या आईने स्वयंपाक व धुण्याची कामे करून संसार सावरला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९२३ मध्ये, त्यांनी यांकीजशी करार केला.

कारकीर्द

१ जून, १९२५ रोजी ते बदली फलंदाज म्हणून मैदानात उतरले. दुसऱ्या दिवशी वॉली पिप यांच्या जागी त्यांना पहिल्या तळावर उभे करण्यात आले आणि पुढील सुमारे चौदा वर्षे त्यांनी एकही सामना चुकवला नाही. बेब रूथ यांच्यासह त्यांनी १९२७ च्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. ३ जून, १९३२ रोजी त्यांनी एकाच सामन्यात चार होम रन मारले. १९३४ मध्ये फलंदाजीची सरासरी, होम रन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत ते अमेरिकन लीगमध्ये अव्वल ठरले. त्यांच्या काळात यांकीजने सहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली, असे १९२७ ते १९३८ या वर्षांचा हिशेब सांगतो.

आजार आणि निरोप

१९३९ च्या हंगामाच्या सुरुवातीस त्यांची शक्ती अकारण क्षीण होऊ लागली. पहिल्या आठ सामन्यांत त्यांना केवळ चार फटके साधले. आपल्यामुळे संघाचे नुकसान होऊ नये म्हणून २ मे रोजी डेट्रॉइट येथे त्यांनी व्यवस्थापक जो मॅकार्थी यांना स्वतःहून आपल्याला वगळण्यास सांगितले. कर्णधार या नात्याने खेळाडूंची यादी पंचांकडे त्यांनीच नेऊन दिली. त्या यादीत त्यांचे नाव नव्हते. १९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकमधील तपासणीत अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या विकाराचे निदान झाले. स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी या विकारात हळूहळू नष्ट होतात.

४ जुलै, १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर त्यांचा निरोप समारंभ झाला. खेळाडू, सहकारी व कुटुंबीय यांच्याबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आणि आजारपणातही स्वतःला भाग्यवान म्हटले. त्यांचा ४ हा क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला. मेजर लीग बेसबॉलमध्ये असा मान मिळालेले ते पहिले खेळाडू होत. त्याच वर्षी त्यांची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. निवृत्तीनंतर त्यांनी न्यू यॉर्क शहराच्या पॅरोल आयोगावर काम केले. पहिल्या तळावर जागा मिळाल्याला बरोबर सोळा वर्षे झाली त्याच दिवशी, २ जून, १९४१ रोजी, त्यांचे निधन झाले.

वारसा

सलग सामन्यांचा हा विक्रम छप्पन्न वर्षे अबाधित राहिला. ६ सप्टेंबर, १९९५ रोजी बाल्टिमोर ओरिओल्सच्या कॅल रिपकेन यांनी तो मोडला. ज्या विकाराने त्यांचा अंत झाला, तो अमेरिकेत आजही लू गेरिग यांच्या नावाने ओळखला जातो.