पिवळं सोनं, लाल बाटली

जळगावचा सराफ बाजार असो की धुळ्याचा आग्रा रोड, सोन्याच्या दुकानांपुढून तुम्ही शंभरदा गेला असाल. सोनं पिवळंच असतं, यावर खान्देशात कोण वाद घालणार भो? पण १८५६ मध्ये लंडनच्या एका माणसाने तेच सोनं माणकासारखं लाल केलं. मायकेल फॅरेडे. हो, बारावीच्या फिजिक्समधला, इंडक्शनवाला.

जन्म १७९१ चा. वडील लोहार, घरात कायम ओढाताण. १४ व्या वर्षी पोरगा बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला, सात वर्षांसाठी. बांधायला आलेली पुस्तकं वाचूनही काढायचा. हम्फ्री डेव्हीची लेक्चर्स ऐकली, नोट्स काढल्या, स्वतः बांधून त्यालाच पाठवल्या. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंट! डिग्री नाही, गणित कच्चं. (काहींना बरं वाटलं ना?) १८३१ चं इंडक्शन तुम्हाला पाठच आहे, पुढे जाऊ.

मला जास्त भिडतो तो साठी ओलांडलेला फॅरेडे. स्मरणशक्ती दगा देत होती, आधार प्रयोगांच्या वहीचा. त्या वयात त्याने नवाच विषय धरला: सोनं आणि उजेड. सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार हिरवा दिसतो. हे वर्ख तयार करताना धुवणाचं पाणी लालसर झालेलं त्याला दिसलं. दुसऱ्या कुणी ओतून दिलं असतं. त्याने मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यावर फॉस्फरस वापरून मुद्दाम तसंच लाल पाणी बनवलं. मीठ टाकलं की ते निळं पडे. भिंगातून झोत सोडला की आतला उजेडाचा पट्टा उठून दिसे. म्हणजे हे सोनंच, फक्त इतकं बारीक की त्याच्या सूक्ष्मदर्शकालाही कण दिसेनात. १८५७ च्या व्याख्यानात त्याने हे मांडलं. रंगाचं गणित गुस्टाव्ह मी याने सोडवलं १९०८ मध्ये. फॅरेडे १८६७ लाच गेला होता.

आज प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची गुलाबी रेघ बहुतेक वेळा याच कणांची असते. अँटीबॉडी चिकटवलेले सोन्याचे कण लघवीतलं हार्मोन पकडतात आणि रेघेवर जमा होतात. कण अजून लहान केला, जेमतेम २५ अणूंचा, तर तो अतिनील उजेडात स्वतःच लाल चमकतो. हवा तो रेणू येऊन भिडला की चमक बदलते, आणि त्यावरून रेणू सापडतो.

फॅरेडेच्या त्या पाण्याच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवल्यात. अजून लालच आहेत.