७५ डॉलरचं कर्ज

अमेरिकेचे ३६ वे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन म्हटलं की बहुतेकांना व्हिएतनामचं युद्ध आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण फीसाठी अडलेल्या मुलांशीही त्यांचं एक जुनं नातं होतं. हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते जाणून घ्यायला हवं.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासच्या ग्रामीण भागात झाला. वडिलांची शेती बुडाली, घरावर कर्ज झालं. शाळा संपल्यावर लिंडन रस्त्याच्या कामावर मजुरी करू लागले. १९२७ मध्ये ७५ डॉलर कर्ज काढून त्यांनी सॅन मार्कोसच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे झाडू मारला, ऑफिसात पडेल ते काम केलं, तरी पैसे पुरेनात. शेवटी १९२८ मध्ये शिक्षण मध्येच थांबवून ते कोटुला गावी मास्तर झाले.

ती शाळा मेक्सिकन वंशाच्या मुलांची. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे, मुलं कित्येकदा उपाशीपोटी वर्गात यायची. जॉन्सन मास्तरांनी पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी खेळाचं सामान आणलं. स्वतः जॉन्सन पुन्हा कॉलेजात जाऊन १९३० मध्ये पदवीधर झाले. या मुलांना मात्र कॉलेजचं दार बंदच होतं. ते त्यांच्या मनात राहिलं.

१९३५ मध्ये सरकारी युवक योजनेचे टेक्सासमधले प्रमुख झाल्यावर त्यांनी हजारो विद्यार्थ्यांना काम मिळवून दिलं. आपल्या 'कमवा आणि शिका'सारखंच! १९६३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यात विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम आणि स्थलांतरित शेतमजुरांना मदत, दोन्ही आलं. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी उच्च शिक्षण कायद्यावर सही करायला ते मुद्दाम आपल्या जुन्या कॉलेजात गेले.

१९६४ च्याच कायद्यातून पुढे, १९७२ मध्ये, स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी खास कॉलेज मदत योजना निघाली. पिकांमागे फिरणाऱ्या घरातली ही मुलं. हंगामागणिक शाळा बदललेली, घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही. म्हणून योजनेचा सगळा भर फर्स्ट इयरवर : फी, पुस्तकं, राहण्याची सोय, जादा शिकवणी आणि अडलं तर विचारायला हक्काचं माणूस. २२ जानेवारी १९७३ रोजी जॉन्सन वारले.

आपल्याकडेही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं कॉलेजात येतात. त्यांतला एखादा फर्स्ट इयरलाच ट्रंक उचलून घरी निघतो, तेव्हा तो हुशारीत कमी पडलेला असतोच असं नाही. कधीकधी त्याला फक्त मेसचं बिल जड झालेलं असतं, आणि ते कुणीच विचारलेलं नसतं.