लोखंडी नांगर ते आगीवरचा पंप : लक्ष्मणराव किर्लोस्कर

निफाड : विहिरीवरचा पंप म्हटला की किर्लोस्करचं नाव निघतंच. आग विझवायचे पंपही हीच कंपनी बनवते. तिचे संस्थापक लक्ष्मणराव यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातला. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले. १८८८ मध्ये भाऊ रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी घेईनात! पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेतकऱ्याचंही खरंच होतं, अवजार फसलं तर हंगाम जातो. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. १९२६ मध्ये पंप तयार झाला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले.