साने गुरुजी आणि मुहंमद पैगंबर

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : २४ डिसेंबर १८९९, पालगड, जि. रत्नागिरी, मृत्यू : ११ जून १९५०, मुंबई) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक आणि समाजवादी विचारांचे कार्यकर्ते होते. 'श्यामची आई' या पुस्तकाचे लेखक म्हणून ते महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहेत. मुहंमद पैगंबरांचे सविस्तर चरित्र मराठीत लिहिणारा हिंदू लेखक ही त्यांची ओळख मात्र त्या मानाने मागे पडली आहे. 'इस्लामी संस्कृती' हा त्यांचा ग्रंथ इस्लामच्या संस्थापकाकडे आदराने पाहणाऱ्या मुस्लिमेतरांच्या लेखनात मराठीपुरता तरी महत्त्वाचा मानावा लागतो. प्रस्तुत लेखात गुरुजींचे जीवन मुख्यतः या ग्रंथामागील प्रेरणेच्या अनुषंगाने दिले आहे.

बालपण आणि शिक्षण

साने यांचे घराणे खोतांचे होते. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात घराची स्थिती खालावली आणि मुलाचे शिक्षण ओढगस्तीत झाले. दापोली, औंध आणि पुणे अशा क्रमाने ते शिकत गेले. आई यशोदाबाई १९१७ मध्ये वारल्या. आईच्या मृत्यूचा घाव त्यांच्या मनातून कधीच भरून आला नाही, हे त्यांच्या सर्व लेखनातून दिसते. आईने घालून दिलेला धर्म व्रतवैकल्यांचा होता, तसाच दारी आलेल्या कोणालाही परके न मानण्याचाही होता. पुढे गुरुजींनी धर्म या विषयावर जे काही लिहिले, त्यात तत्त्वचर्चेपेक्षा या दुसऱ्या गोष्टीचाच अंश अधिक आहे.

पदव्युत्तर शिक्षणानंतर ते खानदेशात अमळनेर येथे आले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिल्यावर १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आल्यावर मुलांच्या खोल्या झाडण्यापासून आजारी मुलांच्या शुश्रूषेपर्यंत सर्व कामे ते स्वतः करीत. 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक आणि पुढे 'विद्यार्थी' हे मासिक त्यांनी चालविले. वर्गात ते जे शिकवीत, ते बहुधा थोरांच्या चरित्रांच्या आधारे शिकवीत. ईश्वरचंद्र विद्यासागर, देशबंधू दास, गोपाळ कृष्ण गोखले, इतिहासाचार्य राजवाडे यांच्यावरील त्यांचे लेखन याच सवयीतून आलेले आहे. पैगंबरांवरील ग्रंथही याच मालिकेत ठेवून वाचावा. तो धर्मपंडितासाठी नाही, तर चरित्रे वाचून घडू पाहणाऱ्या तरुण वाचकासाठी लिहिला आहे.

तुरुंगांची शाळा

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी गुरुजींनी नोकरी सोडली. प्रथम धुळे आणि नंतर त्रिचनापल्ली येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीत निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही एकत्र होते, पण त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि एकमेकांच्या साहित्याची तर वार्ताही नव्हती. एका देशासाठी कारावास भोगणारी माणसे परस्परांविषयी इतकी अनभिज्ञ असावीत, ही गोष्ट गुरुजींना खुपली. त्यांनी तेथे तमिळ शिकण्यास आरंभ केला आणि तिरुवळ्ळुवरांच्या 'कुरळ'चा मराठी अनुवाद केला. 'आंतरभारती' या त्यांच्या पुढील काळातील कल्पनेचे बीज या तुरुंगात पडले. जी उणीव प्रांताप्रांतांत, तीच धर्माधर्मांत आहे, हे त्यांच्या लक्षात येण्यास फार अवकाश लागला नसावा.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे त्या वेळी तेथेच होते आणि दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ती प्रवचने गुरुजींनी जलद गतीने टिपून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. गीतेवर नितांत श्रद्धा असणारा हाच लेखक पुढे पैगंबरांचे चरित्र लिहितो, यात त्याला स्वतःला कोणतीही विसंगती वाटत नव्हती.

धुळ्यानंतर त्यांची रवानगी नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात झाली. येथे ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई'चे लेखन केले. त्याच काळात नाशिक शहरात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी अस्पृश्यांचा सत्याग्रह चालू होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा अनेक वर्षे चालूनही मंदिराचे दार उघडले नाही. देवाच्या दारातच माणसाला अडविणारा धर्म आणि माणसांना एका रांगेत उभे करणारी प्रार्थना, हा विरोध त्या काळातील प्रत्येक विचारी हिंदूसमोर उभा होता. इस्लामकडे पाहताना गुरुजींची दृष्टी सर्वांत अधिक समतेवर खिळते, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

पूर्वसूरी

युरोपात कित्येक शतके पैगंबरांची प्रतिमा ढोंगी धर्मसंस्थापकाची होती. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांना नरकात स्थान दिले. इंग्रज धर्मोपदेशक हम्फ्री प्रिडो याने १६९७ मध्ये लिहिलेले चरित्र त्यांना लबाड ठरविण्यासाठीच होते, आणि व्हॉल्तेअरच्या नाटकातही तीच भूमिका आहे. या परंपरेला पहिला मोठा धक्का टॉमस कार्लाइल याने ८ मे १८४० रोजी लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानाने बसला. कोट्यवधी माणसांना शतकानुशतके आधार देणारी श्रद्धा लबाडीवर उभी राहू शकत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. हिंदुस्थानात सनदी अधिकारी असलेल्या विल्यम म्यूर याने १८५८ ते १८६१ या काळात चार खंडांत चरित्र लिहिले. ते मूळ अरबी साधनांवर आधारलेले असले, तरी मिशनरी हेतूपासून मुक्त नव्हते. मोहनदास गांधी यांनी विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये कार्लाइलचा पैगंबरांवरील भाग वाचला आणि दक्षिण आफ्रिकेत वॉशिंग्टन अर्व्हिंगचे चरित्र वाचले. गुरुजी गांधींना गुरुस्थानी मानत असल्याने आदराची ही वाट त्यांच्यासाठी अनोळखी नव्हती.

मराठीत या वाटेवर त्यांच्या आधी जोतीराव फुले येऊन गेले होते. लहानपणी सुटलेली जोतीरावांची शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्यांत शेजारचे गफार बेग मुन्शी होते. पुढे घर सोडावे लागले तेव्हा जोतीराव व सावित्रीबाई यांना उस्मान शेख यांनी आसरा दिला. जोतीरावांनी 'मानव महंमद' हे पद्य रचले. ईश्वराच्या लेकरांतील उच्चनीच भाव मोडणारा पुरुष म्हणून ते पैगंबरांकडे पाहतात. शीर्षकातील 'मानव' हा शब्द सहज आलेला नाही. फुले यांचा रोख ब्राह्मणी वर्चस्वावर असल्याने त्यांचे पैगंबर झुंजार आहेत. गुरुजींचे पैगंबर त्या मानाने सोशीक आणि करुणामय आहेत.

'इस्लामी संस्कृती'

हा ग्रंथ गुरुजींच्या निधनानंतर पुस्तकरूपाने वाचकांपुढे आला. हिंदू आणि मुसलमान शेकडो वर्षे एका गावात, एका आळीत राहत आले, तरी शेजाऱ्याच्या धर्माचा संस्थापक कोण होता आणि त्याने काय सांगितले याची सामान्य हिंदूला माहिती नसते. हे अज्ञान हेच वैराचे एक मूळ आहे, अशी लेखकाची धारणा आहे. म्हणूनच ग्रंथाचे नाव संस्कृतीचे असले तरी त्याचा गाभा चरित्राचा आहे.

आरंभी अरबस्थानचा प्रदेश, तेथील प्राचीन लोक, मक्का शहर आणि अरबांची काव्यशक्ती यांचे वर्णन येते. टोळ्यांतील वैर, गुलामगिरी आणि स्त्रियांची दुरवस्था दाखवून मोठ्या परिवर्तनाची गरज कशी निर्माण झाली होती, हे लेखक सांगतो. ही मांडणी शिक्षकाची आहे. आधी भूमी, मग माणूस.

पैगंबरांच्या जीवनाचा क्रम थोडक्यात असा आहे. इ. स. ५७० च्या सुमारास मक्केत जन्म. जन्मापूर्वीच वडील अब्दुल्ला यांचे निधन. सहाव्या वर्षी आई अमीना यांचा मृत्यू. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब व काका अबू तालिब यांच्याकडे संगोपन. खदीजा या विधवा व्यापारी स्त्रीच्या कारवानाचे काम सांभाळल्यावर तिच्याशी विवाह. इ. स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत पहिला साक्षात्कार झाला, आणि भयभीत होऊन घरी आलेल्या पतीवर प्रथम विश्वास ठेवला तो खदीजेने. त्यानंतर छळाची वर्षे आली. बिलाल या हबशी गुलामाला तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला गेला, आणि ताइफ येथे पैगंबरांवर दगडफेक झाली. इ. स. ६२२ मध्ये त्यांनी मदिनेला स्थलांतर केले. हिजरी सनाची गणना तेथून होते. युद्धे आणि तह यांच्यानंतर ६३० मध्ये मक्का हाती आली, तेव्हा बहुतेक विरोधकांना अभय देण्यात आले. ६३२ मध्ये मदिनेत त्यांचे निधन झाले.

या घटना कोणत्याही चरित्रात मिळतात. गुरुजींच्या लेखणीला विशेष भावते ती त्यांतील माणुसकीची बाजू. पोरके मूल, धीर देणारी पत्नी, छळ सोसून निष्ठा न सोडणारा गुलाम, विजयाच्या क्षणी सूड न घेणारा पुरुष, हे विषय 'श्यामची आई'च्या वाचकाला अपरिचित नाहीत. गुरुजींनी परक्या धर्माच्या संस्थापकाला मराठी कुटुंबाच्या भाषेत आणले. भाषा सोपी, वाक्ये आखूड आणि सूर भक्तीचा आहे. लेखक धर्मांतराचा पुरस्कार करीत नाही, तसेच सर्व धर्म एकच आहेत असे म्हणून भेद पुसूनही टाकत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चिकित्सेपेक्षा आदराला येथे अधिक जागा मिळाली आहे, आणि परंपरेने आलेल्या कथांची ऐतिहासिक छाननी करणे हा लेखकाचा उद्देशच नाही. पैगंबरांच्या जीवनातील युद्धे, राज्यकारभार व विवाह यांविषयी आधुनिक अभ्यासक जे प्रश्न विचारतात, त्यांच्या उत्तरांसाठी हा ग्रंथ अपुरा पडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो एकटा वाचू नये. पण मराठी वाचकाला पहिली ओळख करून देण्याचे काम तो आजही करू शकतो.

समकालीन भिन्न दृष्टी

याच काळात मानवेंद्रनाथ रॉय यांनी तुरुंगात असताना इस्लामच्या ऐतिहासिक कार्यावर इंग्रजीत लिहिले. रॉय भौतिकवादी असल्याने त्यांना पैगंबरांच्या व्यक्तित्वापेक्षा इस्लामने घडविलेली सामाजिक क्रांती महत्त्वाची वाटते. हिंदूंनी हा इतिहास समजून घ्यावा, या मुद्द्यावर मात्र रॉय आणि गुरुजी एकत्र येतात.

डॉ. आंबेडकरांची वाट वेगळी होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा अन्य धर्मांच्या नेत्यांबरोबर मुस्लिम नेत्यांनीही त्यांच्याशी संपर्क साधला. तथापि त्यांनी १९५६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी येशू व मुहंमद यांच्याशी बुद्धाची तुलना केली आहे. पैगंबर स्वतःला ईश्वराचा प्रेषित म्हणवितात, तर बुद्ध स्वतःसाठी कोणतेही दैवी स्थान मागत नाही आणि केवळ मार्गदाता राहतो, हा फरक त्यांना निर्णायक वाटला. गुरुजींनी हा प्रश्न त्या रीतीने कधी मांडला नाही. प्रेषितत्वाचा दावा तपासण्याऐवजी त्या माणसाचे वर्तन पाहणे त्यांना पुरेसे वाटले. विचारांच्या काटेकोरपणात आंबेडकरांची बाजू वरचढ आहे, हे मान्य करावे लागेल.

अखेरची वर्षे

१९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी गुरुजींनी खानदेशातील गावे पालथी घातली. १९३७ मध्ये 'भारतीय संस्कृती' प्रसिद्ध झाले. आर्य आणि नाग यांच्या समेटावरील 'आस्तिक' ही कादंबरीही याच सुमाराची असून, दोन समाजांतील वैर कसे शमेल हाच तिचा विषय आहे. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून त्यांनी पुन्हा कारावास भोगला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ ते १० मे १९४७ या काळात पंढरपुरात उपोषण केले. नाशिकला जे दार उघडले नव्हते, त्याच्यासारखेच हे दुसरे दार या उपोषणानंतर उघडले.

त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. पंजाब व बंगालमधील हत्याकांडांच्या बातम्यांच्या काळात शेजारधर्माची ओळख करून देणारे लेखन महाराष्ट्रात किती जणांच्या पचनी पडले असते, हा प्रश्नच आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या एका मराठी माणसाच्या हातून झाली. गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. अखेरच्या दिवसांतील निराशेने त्यांना घेरले आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. जगाला प्रेम देणे हाच धर्म मानणारी त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातील शाळांतून आजही म्हटली जाते.

धुळ्याच्या तुरुंगात ज्यांची प्रवचने त्यांनी उतरवून घेतली, त्या विनोबांनी पुढे अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला आणि त्यातील निवडक वचनांचे 'कुराण-सार' संकलित केले. विनोबा १९६२ मध्ये पदयात्रा करीत पूर्व पाकिस्तानात गेले, तेव्हा एका हिंदूने कुराणातील वचनांची निवड करावी की नाही यावर तेथे वाद उठला होता.