टॉम किलबर्न: छोट्या मेमरीला मोठं करणारा माणूस

टॉम किलबर्न यांचा जन्म १९२१ चा, इंग्लंडमधल्या ड्यूसबरीचा. केंब्रिजला गणित शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या कामाला लागले. तिथे फ्रेडी विल्यम्स हे वरिष्ठ भेटले. युद्धानंतर दोघं मँचेस्टर विद्यापीठात गेले. २१ जून १९४८ ला त्यांच्या 'बेबी' या मशीनने स्वतःच्याच मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवून दाखवला. तो किलबर्न यांनीच लिहिला होता. मेमरी किती? फक्त १२८ बाइट!

मेमरी अपुरी पडायचं दुखणं पुढेही होतंच. वेगवान मेमरी महाग म्हणून थोडी, ड्रम स्वस्त पण हळू. कुठला भाग कधी आत आणायचा, हे प्रोग्रॅमरच ठरवत बसायचे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'ॲटलस' संगणकात किलबर्न यांच्या टीमने हे काम मशीनवरच सोपवलं. मेमरीची ५१२ शब्दांची पानं पाडली. वेगवान मेमरीत अशी ३२ पानं मावायची, ड्रमवर १९२. प्रोग्रॅमला मात्र सगळी मिळून एकच मेमरी दिसायची. हवं ते पान आत नसलं की मशीन ते ड्रमवरून आणायचं आणि सध्या नको असलेलं बाहेर पाठवायचं.

आमच्या म्हसळ्यात बऱ्याच जणांकडे कमी रॅमचेच फोन आहेत आणि ॲप तर फुगतच चाललीयेत. तरी ती उघडतात, ती याच युक्तीमुळे. ॲपने फाइल ओपन केली की कर्नल त्याला एक नंबर देतो. मॅपिंग मागितलं की तो फक्त नोंद करतो: मेमरीतले हे पत्ते म्हणजे या फाइलचा अमुक भाग. ॲपने तिथलं काही वाचायला घेतलं की मगच ते पान, बहुतेक वेळा ४ केबीचं, रॅममध्ये येतं. दोन ॲपनी तीच फाइल मॅप केली, तर वाचायला दोघांना एकच प्रत पुरते. गंमत म्हणजे, नंबर बंद केला तरी मॅपिंग चालूच राहतं, कारण त्या नोंदीने फाइल वेगळी धरून ठेवलेली असते.

किलबर्न १९८१ ला निवृत्त झाले आणि १७ जानेवारी २००१ ला गेले. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट घेतली. रॅम भरलेली दिसली म्हणून लगेच 'क्लीनर' ॲप चालवायचं नाही. फाइलची न बदललेली पानं कर्नल गरज पडली की स्वतःच सोडून देतो, मूळ प्रत स्टोरेजमध्ये असतेच. उगाच ॲप बंद करत राहिलात, तर ती पुन्हा उघडताना तीच पानं परत आणावी लागू शकतात.