पॉल माउझर आणि त्याचा बोल्ट

काकोरी कटाची गोष्ट शाळेत वाचताना 'माउझर' हे पिस्तुलाचंच नाव वाटायचं. मित्रांनो, ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि गंमत म्हणजे ते पिस्तूल त्याच्या कारखान्यातल्या फिडर्ले बंधूंनी बनवलं होतं! त्याचं स्वतःचं मोठं काम म्हणजे रायफलचा बोल्ट.

पॉल माउझरचा जन्म २७ जून १८३८ चा, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावचा. वडील बंदुकांचे कारागीर आणि पॉल तेरा भावंडांत शेंडेफळ. लहानपणीच हातात कानस आली. मोठा भाऊ विल्हेल्म व्यवहार बघायचा, पॉल डिझाइन. १८७१ ची जर्मन सैन्याची रायफल या दोघांची. १८८२ मध्ये विल्हेल्म गेला, पण पॉलचं काम थांबलं नाही. दर काही वर्षांनी नवं मॉडेल यायचं, आधीच्यातली खोट काढून. १८९८ च्या मॉडेलमध्ये बोल्टला तिसरा लग दिला आणि काडतूस फुटलंच तर गरम वायू शिकाऱ्याच्या किंवा सैनिकाच्या तोंडावर न येता बाजूला जावा म्हणून बोल्टला भोकं ठेवली.

ही रायफल शिकाऱ्यांनाही आवडली. पण हत्ती किंवा गव्यासाठी जाड काडतूस हवं, आणि तिथेच खरी डोकेदुखी. सैन्याच्या काडतुसाची पुंगळी ५७ मिलिमीटर लांब. लंडनच्या रिग्बी कंपनीने १९११ मध्ये काढलेल्या.४१६ ची जवळजवळ ७४! जुन्याच अ‍ॅक्शनमध्ये ती बसवायची तर पुढच्या-मागच्या भिंती कोरायच्या, आणि जिथे लग टेकतो तिथलंच लोखंड कमी होतं. म्हणजे जोर जास्त आणि आधार कमी. मॅगझिन खोल केलं की लाकडी दस्ता पोकळ होतो आणि धक्क्याने चिरतो. त्यात उष्ण देशांत त्या वेळच्या कॉर्डाइटचा दाब वाढून पुंगळी चेंबरमध्ये चिकटायची. समोर चिडलेला हत्ती आणि बोल्ट उघडेना! म्हणून .४१६ ची पुंगळी मोठी ठेवून दाब कमी राखला. पुंगळी ओढायला माउझरचा लांब आकडा होताच. आणि कोरीवकाम टाळायला १९०० च्या सुमारास रिग्बीच्या सांगण्यावरून माउझरने लांब 'मॅग्नम' अ‍ॅक्शन वेगळी बनवली होती. (जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल भेट मिळालेली .२७५ रिग्बी मात्र साध्या माउझर अ‍ॅक्शनची.)

दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी भोकं पाडणाऱ्या पॉलचा स्वतःचा एक डोळा १९०१ मध्ये गेला, आपोआप भरणाऱ्या रायफलची चाचणी घेताना. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता आणि जर्मन संसदेचा सदस्यसुद्धा. तशी रायफल करायचं वेड तरीही सुटलं नाही. शेवटपर्यंत ती त्याला मनासारखी जमली नाही.

२९ मे १९१४ ला तो ओबर्नडॉर्फमध्येच वारला. दोन महिन्यांनी महायुद्ध सुरू झालं आणि लाखो जर्मन सैनिक त्याची ९८ खांद्यावर घेऊन निघाले.